आधी ऐकावे, मग द्यावे



बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील किंवा आरेतील वारली पाड्यांवर जाताना आपण मदत नेतो. पण त्यांना काय हवे, हे आपणच आधी ठरवलेले असते.

१९३२ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात पूर्वी राहिलेले व्हेरिअर एल्विन आणि शामराव हिवाळे मध्य प्रांतातील गोंडांच्या गावात राहायला गेले. शेजारच्या बैगांनी फिरती शेती सोडून नांगर धरावा, असा सरकारचा आग्रह होता. बैगा मात्र तयार नव्हते. नांगराने धरतीमातेची छाती फाडणे त्यांना पाप वाटे. एल्विन यांनी १९३९ च्या ‘द बैगा’ ग्रंथात हे सविस्तर मांडले. नुसते आकडे मोजून हे कारण कळले नसते.

मानसशास्त्रात या पद्धतीला गुणात्मक संशोधन म्हणतात. आपल्यालाही ती शिकता येईल :

१. “मुलाला शाळेत का पाठवत नाही?” असे विचारू नका, त्यात दोषारोप आहे. “मुलाचा दिवस कसा जातो?” असे विचारा.

२. परवानगी घेऊन त्यांचेच शब्द लिहा. आपले मत वेगळ्या पानावर लिहा.

३. पुन्हा जा, लिहिलेले वाचून दाखवा आणि विचारा, “मला बरोबर समजले का?”

पुढच्या भेटीत पिशवी उघडण्याआधी वही उघडा.