अंगठा देण्याआधी विचारा: सुधारणा की संशोधन?

दवाखान्यात कागद पुढे आला की आपली माणसं 'सही कुठं करू?' एवढंच विचारतात. आम्ही परिचारिका सांगतो, आधी 'कशासाठी?' ते विचारा.

दवाखाने आपलं काम नीट व्हावं म्हणून नवे नियम लावतात. याला गुणवत्ता सुधारणा म्हणतात. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात २००४ च्या सुमारास शंभराहून जास्त अतिदक्षता विभागांत असं काम झालं. मोठ्या शिरेत नळी घालताना हात धुणं, त्वचा जंतुनाशकानं पुसणं, गरज संपताच नळी काढणं अशा पाच गोष्टी पाळल्या. रक्तातला जंतुसंसर्ग खूप घटला. तरी २००७ मध्ये तिथल्या सरकारी कार्यालयानं विचारलं: तुम्ही अभ्यासही केला, मग नीतिसमितीची रीतसर परवानगी आणि रुग्णांची संमती कुठं आहे? पुढं २००८ मध्ये त्यांनीच खुलासा केला की, नुसती उपचाराची रीत म्हणून हे पाळायला ती अट नाही.

हात धुवायला रुग्णाची सही लागत नाही, हे बरोबरच. पण 'प्रकल्प' असं गोंडस नाव दिलं म्हणून संमती टळत नाही. २००९ मध्ये आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना एचपीव्ही लस 'प्रात्यक्षिक प्रकल्प' म्हणून दिली. वसतिगृहातल्या कितीतरी मुलींच्या संमतीपत्रावर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. २०१० मध्ये प्रकल्प थांबला, २०१३ मध्ये संसदीय समितीनं ताशेरे ओढले. ही लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवते. इथं आमचा आक्षेप लशीला नाही, पालकांना न विचारण्याला आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आपल्या बाजूनं आहेत. म्हणून कागद आला की हे विचारा:

१. हा माझा उपचार आहे की अभ्यास?
२. नीतिसमितीनं परवानगी दिली आहे का?
३. मला त्रास काय होऊ शकतो, फायदा काय? माझं नाव गुप्त राहील का?
४. 'नाही' म्हटलं, किंवा मधेच सोडलं, तर नेहमीचे उपचार चालू राहतील ना?

माहिती आपल्याला समजेल त्या भाषेत मिळाली पाहिजे. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा, मगच अंगठा. कागदाची प्रत मागून घ्या आणि केसपेपरसोबत जपून ठेवा.