पोरीला शाखा सांगू नकोस, आकडा सांग

अकरावीचा फॉर्म भरायला बसण्याआधी मामाचं एवढं ऐकून घे. मी काही करिअर मार्गदर्शक नाही. नोकरीभर पॉलिटेक्निकच्या प्रवेश खिडकीमागे बसून लोकांचे दाखले तपासले, तेवढ्या भांडवलावर बोलतोय.

त्या खिडकीतून एक गोष्ट रोज दिसायची. विद्यार्थ्याला विचारावं, "कुठली ब्रँच?" आणि उत्तर द्यायचे वडील. मी मुद्दाम पुन्हा पोराकडे बघून विचारायचो. पोरगं आधी बापाच्या तोंडाकडे बघायचं, मग "मेकॅनिकल" म्हणायचं. बाप खूश. पोराला फक्त सहीपुरतं पुढे करायचे. त्यातली काही पोरं दुसऱ्या सेमिस्टरनंतर एकटीच यायची, लिव्हिंग सर्टिफिकेट मागायला.

म्हणून पहिलं सांगणं हे, की पोरीला शाखा सांगू नकोस, आकडा सांग. म्हणजे तिच्या शिक्षणावर आपण किती घालू शकतो, त्यातलं घरचं किती, कर्ज किती, आणि किती वर्षं. आपल्याकडे आईबापांना हे सांगायची लाज वाटते. "पैशाचं तू बघू नकोस, तू फक्त अभ्यास कर," असं म्हणायचं आणि मागच्या दाराने दागिने पतपेढीत ठेवून यायचं. पोरांना ते कधी ना कधी कळतंच. एकदा कळलं की नको असलेला कोर्सही सोडायची त्यांची हिंमत होत नाही. अपेक्षेचं ओझं म्हणतात त्यात निम्मं हे न सांगितलेल्या पैशाचं असतं. त्यापेक्षा पासबुक काढून तिच्यासमोर ठेव. सोळा वर्षांच्या पोरीला बेरीज-वजाबाकी येते.

कर्जाचंही आत्ताच समजावून सांग. साडेसात लाखांपर्यंत सरकारी बँका सहसा तारण मागत नाहीत, पण सहकर्जदार म्हणून सही तुमचीच लागते. शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज चढत असतं. आयकरात सूट मिळते ती फक्त व्याजावर, आठ वर्षांपर्यंत, तीही जुनी करपद्धत घेतली तरच.

आता तिच्या मनातलं. तिला चित्रकलेत जायचंय हे मला ठाऊक आहे, तुम्ही दोघं ते बोलायचं टाळताय म्हणून सांगतो. इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी मिळाली तेव्हा पेढे वाटलेत ना? दहावीला त्याचे वाढीव गुण मिळाले तेव्हाही आनंदच झाला. मग तीच आवड पुढे न्यायची म्हटल्यावर तोंडं का उतरली? अप्लाइड आर्टच्या पदवीला बारावी कुठल्याही शाखेची चालते, वेगळी सीईटी द्यावी लागते. मुंबईचं जे. जे. 1857 पासून उभं आहे, कालपरवा निघालेला क्लास नव्हे. मात्र आवड आहे एवढ्यावर होकार देऊ नकोस. सुट्टीत तिला एखाद्या छपाईवाल्याकडे नाहीतर जाहिरातीची कामं करणाऱ्याकडे आठवडाभर बसव. गिऱ्हाईक पाचव्यांदा रंग बदलायला सांगतं तेव्हा तिचं तोंड कसं होतं ते तिचं तिलाच कळू दे. तुम्हाला डॉक्टरकी हवी असेल तर तिला एक रात्र सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागाबाहेरच्या बाकावर बसवा. सेमिनारमधल्या चकचकीत पडद्यापेक्षा हे बरं.

जावईबापू म्हणतील, "आधी डॉक्टर होऊ दे, मग काय हवं ते करू दे." हे वाक्य मराठी घरात फार चालतं आणि लगेच नाटकवाल्या डॉक्टरांची नावं येतात. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, 1969 साली, बेचाळिशीत पूर्णवेळ नट झाले. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. खरंय. पण ही माणसं वैद्यकीही मनापासून करणारी होती, कुणाचा तरी नवस फेडायला शिकलेली नव्हती. आणि हिशेब बघा. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, वर पीजीची तीन. साडेआठ वर्षं लागतात त्याला जोडधंद्याची सोय म्हणायचं, हे मला पटत नाही.

सायन्सच घ्यायचं ठरलं तर "दार उघडं राहावं" म्हणून गणित आणि जीवशास्त्र दोन्ही गळ्यात मारू नका, तिला दोन्ही आवडत असतील तरच घ्या. फार्मसीला दोन्हींपैकी कुठलाही ग्रुप चालतो. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हेही घरात कुणी मोठ्याने म्हणत नाही. डिप्लोमा म्हणजे कमी मार्कांची सोय, असं लोकांना वाटतं. माझ्या खिडकीवर तसं नव्हतं.

सगळ्यात जपायचं ते रिपीटचं. जेईई अॅडव्हान्स्डला लागोपाठच्या दोन वर्षांत दोनच संधी, तिथे परीक्षाच माणसाला घरी पाठवते. नीटला ना वयाची वरची मर्यादा ना प्रयत्नांची. एमपीएससीच्या राज्यसेवेला खुल्या गटातही अडतिशीपर्यंत बसता येतं. म्हणजे थांबायचं कधी ते घरालाच ठरवावं लागतं. पुण्यात पेठांमधल्या अभ्यासिकांत जाऊन बघ, खुर्चीला पाठ टेकवून तिशी ओलांडलेली पोरं बसलेली दिसतात. गावी परत जायला ती घाबरतात, कारण निघताना अख्ख्या गावाने हार घातलेला असतो. तेव्हा फॉर्म भरायच्या दिवशीच ठरवायचं, किती प्रयत्न, आणि नाही जमलं तर त्याच वर्षी कुठे प्रवेश घ्यायचा. कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा, तिघांच्या सह्यांसकट. निकालाच्या रात्री असं काही ठरवायचं नसतं, त्या रात्री कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

नातेवाइकांचं थोडक्यात. किती टक्के पडले हे तिच्याआधी तुम्ही ग्रुपवर टाकायचं नाही. आणि तिच्यासमोर कुणी "काय ठरवलंय मग?" असं तुम्हाला विचारलं, तर "तिलाच विचारा" म्हणा. सुरुवातीला ती गडबडेल, पण गडबडू दे.

आता कागद. कुणबी प्रमाणपत्र आहे, पण तेवढ्याने भागत नाही, नॉन-क्रिमिलेअर लागेल. जात पडताळणीचा अर्ज बारावीच्या निकालापर्यंत लांबवू नकोस, कॉलेजमार्फत आधीच घाल. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक पदवीचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण सरकारी प्रवेश फेरीतून जागा मिळाली तरच, मॅनेजमेंट कोट्याला नाही. वसतिगृह आणि खानावळ त्यात धरू नकोस. तिचा कोर्स त्या यादीत आहे का ते महाडीबीटीवर पाहून घे. या एका गोष्टीने तुझा मघाचा आकडा बराच खाली येईल.

अकरावीच्या फॉर्ममध्ये दहापर्यंत कॉलेजं भरता येतात. पहिल्या क्रमांकाचं मिळालं तर ते घ्यावंच लागतं, नाकारलंत तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. म्हणून पहिलं नाव मिरवायला म्हणून टाकू नका. क्रम तिला लावू दे. लॉगिन आणि पासवर्ड जावईबापूंच्या मोबाइलमध्ये न राहता तिच्या वहीत राहू दे. आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उद्याच तलाठ्याला गाठ, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं त्यांना. निकालानंतरच्या सोमवारी ते साजावर कुणालाच सापडत नाहीत.