नवा ट्रॅक्टर ताब्यात घेताना : रंगातील दोष व त्यांचे निवारण

ट्रॅक्टर ही शेतकऱ्याच्या आयुष्यातील मोठ्या खरेदींपैकी एक होय. बहुधा ती कर्ज काढून, जमीन तारण ठेवून केलेली असते. असे असूनही यंत्र ताब्यात घेताना त्याची तपासणी मात्र घाईने उरकली जाते. गुढीपाडवा किंवा दसऱ्याच्या मुहूर्तावर विक्रेत्याच्या आवारात गर्दी असते. ट्रॅक्टरवर हार चढलेला असतो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढलेले असते आणि सायंकाळच्या दिव्यात नवा रंग सर्वत्र सारखाच चमकतो. चार दिवसांनी उन्हात यंत्र धुतल्यावर मडगार्डवर फोड दिसतात, टाकीखाली तांबूस ठिपके आढळतात. तोपर्यंत समाधानपत्रावर सही झालेली असते व विक्रेता म्हणतो, “ओरखडा तुमच्याकडेच पडला.” असा प्रसंग टाळावा कसा, आणि ओढवल्यास काय करावे, याचा विचार या पाठात केला आहे.

रंगाचे खरे काम

रंग हा केवळ शोभेसाठी नसतो. लोखंडी पत्र्याला हवा व पाणी यांपासून दूर ठेवणे हे त्याचे मुख्य काम होय. कारखान्यात पत्रा प्रथम तेलकटपणा काढून धुतात, त्यावर फॉस्फेटची रासायनिक प्रक्रिया करतात, नंतर अस्तराचा लेप व शेवटी वरचा रंग देतात. हे लेप सामान्यतः शंभर अंश सेल्सिअसहून अधिक उष्णतेच्या भट्टीत भाजून पक्के केले जातात. या साखळीतील एखादी पायरी कच्ची राहिली, तर वरून रंग चांगला दिसला तरी आत गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो भोवतीचा रंग उचलतो व स्वतःसाठी पुढची वाट मोकळी करतो. एका ठिपक्याकडे केलेले दुर्लक्ष म्हणूनच महाग पडते.

शेतावर हा धोका अधिक असतो. पोटॅश, अमोनियम सल्फेट यांसारखी खते हवेतील ओल शोषून घेतात व त्यांचे क्षार गंजाला चालना देतात. कोकणपट्टीत खारी हवा हेच काम करते.

दोष कसे ओळखावेत

सर्व दोष सारखे गंभीर नसतात. त्यांचे दोन वर्ग ध्यानात ठेवावेत.

पहिला वर्ग केवळ दिसण्यातील दोषांचा. रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसणे, उभ्या भागावर ओघळ येणे, धुळीचे बारीक कण अडकणे हे दोष फवारणीतील निष्काळजीपणामुळे होतात. रंग दाट असला किंवा हवेचा दाब अपुरा असला तर साल दिसते, एकाच जागी जास्त रंग पडला तर ओघळ येतो. यांमुळे यंत्राचे आयुष्य सहसा कमी होत नाही.

दुसरा वर्ग संरक्षणाला बाध आणणाऱ्या दोषांचा. पत्र्यावर तेलाचा अंश राहिल्यास रंग बाजूला सरून वाटोळे खळगे पडतात व त्या जागी लेप पातळ राहतो. सुईच्या टोकाएवढी छिद्रे असल्यास त्यांतून ओल आत शिरते. लेपाखाली ओल वा क्षार राहिल्यास फोड येतात. पत्रा नीट साफ केला नसेल तर रंगाचे पापुद्रे सुटतात. हे चार दोष आढळल्यास केवळ पॉलिश करून देण्याचे आश्वासन मान्य करू नये. पॉलिशने चमक येते, पण पत्रा व लेप यांतील सुटलेला बंध जुळत नाही.

याशिवाय दोन खुणा विशेष चौकशीस पात्र आहेत. बोट फिरवल्यावर रंगाची भुकटी हाताला लागत असेल, तर यंत्र दीर्घकाळ उन्हात उभे असण्याचा संभव असतो. एका भागाची छटा शेजारच्या भागाहून वेगळी असेल, तर तो भाग वाहतुकीत आपटून पुन्हा रंगवलेला असू शकतो. मात्र प्लास्टिकचे व पत्र्याचे भाग वेगवेगळे रंगवले जातात व त्यांच्या छटेत मुळातच थोडा फरक असू शकतो. म्हणून केवळ छटेवरून आरोप करू नये, इतर खुणांचा मेळ पाहावा.

तपासणीची पद्धत

तपासणी दिवसा, मोकळ्या उजेडात करावी. ट्रॅक्टर धुतलेला पण पूर्ण कोरडा असावा, कारण पाण्याच्या थराखाली बारीक ओरखडे व साल दिसत नाहीत. हार व कुंकू तपासणीनंतर. क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. बॉनेट व मडगार्ड यांच्याकडे समोरून न पाहता तिरप्या नजरेने पाहावे. पत्र्यातील लाटा, भराव व ओघळ अशा वेळी स्पष्ट दिसतात.

२. रबरी पट्ट्या, दिव्यांच्या कडा, नळ्या व तारा यांवर रंगाचे तुषार पडले आहेत का ते पाहावे. बॉनेट व मडगार्डच्या बोल्टांवरील रंग तुटलेला असल्यास तो भाग कशासाठी खोलला होता, हे विचारावे.

३. लपलेल्या जागा तपासाव्यात : मडगार्डची आतील बाजू, पाय ठेवण्याच्या पट्टीचा तळ, डिझेल टाकीखालचा भाग, बॅटरीची पेटी, वेल्डिंगचे सांधे व चाकांच्या रिमची कड. गंजाचा आरंभ बहुधा येथेच होतो.

४. पातळ कापडात गुंडाळलेले लहान लोहचुंबक पत्र्यावरून हलके फिरवावे. एखाद्या जागी पकड एकदम सैल झाली तर खाली भराव असण्याचा संशय घ्यावा. ही परीक्षा प्लास्टिकच्या व फायबरच्या भागांना लागू नाही.

५. रंगाची जाडी मोजणारे लहान यंत्र मिळाल्यास उत्तम. जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एकाच ट्रॅक्टरच्या डाव्या व उजव्या मडगार्डची तुलना करावी. एका बाजूची जाडी दुसरीच्या दुप्पट भरली, तर पुन्हा रंगकाम झाल्याचा तो सबळ संकेत होय.

६. चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, उत्पादनाचा महिना व वर्ष कागदपत्रांशी ताडून पाहावे. विक्री प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २१, यात ही माहिती असते. टायरच्या बाजूवरील चार अंकी आकड्यात पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढील दोन वर्षाचे असतात. तासमापकावरील आकडाही टिपून ठेवावा.

धारदार वस्तूने रंग खरवडून पाहू नये. रंगाची पकड तपासण्याची चौकटीदार छेदाची परीक्षा असते, पण ती रंग कापूनच करावी लागते. म्हणून ती प्रयोगशाळेचे काम समजावी.

ही सर्व तपासणी नोंदणीपूर्वी व्हावी हे महत्त्वाचे. नोंदणी झाल्यावर ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या नावाचा होतो. मग तो बदलून देण्यास विक्रेता सहसा तयार होत नाही.

दोष आढळल्यास

१९३० च्या वस्तुविक्री अधिनियमातील कलम ४१ अन्वये माल तपासून पाहण्याची वाजवी संधी खरेदीदाराला मिळाली पाहिजे; ती मागितल्यास देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तसेच कलम ४२ अन्वये माल वाजवी मुदतीपेक्षा अधिक काळ काही न कळवता ठेवून घेतल्यास तो स्वीकारला असे मानले जाते. या दोन कलमांचा बोध एकच : तपासल्याशिवाय सही करू नये, आणि दोष दिसल्यावर गप्प बसू नये.

दोष गंभीर असेल तर ताबा न घेता दुसरा ट्रॅक्टर मागावा. पेरणी तोंडावर आली असेल व ताबा घेणे भाग असेल, तर पोचपावतीवर स्वतःच्या हाताने अशी नोंद करावी :

“चासी क्रमांक … चा ट्रॅक्टर ताब्यात घेताना उजव्या मडगार्डवर फोड व डिझेल टाकीखाली गंज आढळला. दोषनिवारणाचा हक्क राखून ताबा घेतला आहे.”

नोंदीखाली तारीख, वेळ व विक्रेत्याच्या प्रतिनिधीची सही घ्यावी. दोषाची छायाचित्रे जवळून व दुरून, चासी क्रमांकाच्या पाटीसह काढावीत. बँकेने कर्जाची रक्कम थेट विक्रेत्यास द्यावयाची असल्यास समाधानपत्रावर आगाऊ सही देऊ नये व अडचण शाखेला लेखी कळवावी.

मागणी मात्र दोषाच्या प्रमाणात असावी. नखाएवढ्या ओरखड्यासाठी संपूर्ण बॉनेट पुन्हा रंगवून घेण्यात हित नाही. कारखान्यातील भाजलेला लेप दुकानात दिलेल्या लेपापेक्षा बहुधा अधिक टिकाऊ असतो. तेथे ठिपक्यापुरती दुरुस्ती पुरेशी आहे. फोड किंवा पापुद्रे असतील तर तो भाग पत्र्यापर्यंत साफ करून अस्तरासह रंगवून द्यावा, किंवा भागच बदलून द्यावा, अशी मागणी रास्त होय. अनेक भागांवर दोष असतील, अथवा अपघातग्रस्त यंत्र नवे म्हणून दिले असेल, तरच ट्रॅक्टर बदलून मागण्यास खरा आधार असतो.

विक्रेत्याची उत्तरे व त्यांवर उपाय

“पहिल्या सर्व्हिसच्या वेळी करून देऊ” असे उत्तर मिळाल्यास ते जॉब कार्डावर तारखेसह लिहून घ्यावे. “रंगाला वॉरंटी नाही” असे म्हटल्यास वॉरंटी पुस्तिकेतील ते कलम दाखवण्यास सांगावे. तसे कलम असले तरी विकतेवेळीच सदोष असलेल्या मालाबद्दल कायद्याने दिलेला हक्क त्यामुळे आपोआप नाहीसा होत नाही. “हे कंपनीचे काम आहे” असे उत्तर आल्यास तक्रार विक्रेता व कंपनी या दोघांनाही पाठवावी. पत्र नोंदणीकृत टपालाने पाठवावे व उत्तरासाठी ठराविक मुदत, उदाहरणार्थ पंधरा दिवस, द्यावी.

या काळात दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पहिली, रागाच्या भरात कर्जाचे हप्ते थांबवू नयेत. कर्जाचा करार बँकेशी असतो; हप्ता चुकल्यास व्याज व जप्तीचे संकट शेतकऱ्यावरच येते. दुसरी, कंपनीच्या माणसाने पाहण्यापूर्वी दोषाची जागा बाहेरून रंगवून घेऊ नये, कारण त्यामुळे पुरावा नष्ट होतो. उघड्या पडलेल्या पत्र्याची छायाचित्रे काढून त्यावर ग्रीसचा पातळ हात द्यावा, म्हणजे गंज पसरत नाही व पुरावाही राहतो.

ग्राहक आयोगाकडे दाद

पत्रांचा उपयोग झाला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेथेही तडजोड न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ यातील तरतुदी जुलै २०२० पासून अमलात आल्या. त्याअन्वये शेतकरी जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार दाखल करता येते. विक्रेता वा कंपनी यांच्या गावी जाण्याची गरज नाही. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालते. किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही आणि ५ ते १० लाखांपर्यंत ते २०० रुपये आहे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. वकील देणे सक्तीचे नाही. योग्य परीक्षेवाचून दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू वा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवतो. त्याचे शुल्क तक्रारदारास आधी भरावे लागू शकते.

शेतकरी हा ‘ग्राहक’ ठरतो का, अशी शंका काही वेळा काढली जाते. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच घेतलेली व वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची समजू नये, असे अधिनियमात स्पष्टीकरण आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात बियाणे घेणारे शेतकरी ग्राहक असल्याचे मान्य केले. मात्र ट्रॅक्टर प्रामुख्याने भाड्याच्या व्यवसायासाठी घेतला असेल तर हा प्रश्न उपस्थित होऊ शकतो, हे जाणून असावे.

पुढील निगा

खत टाकल्यावर किंवा औषधफवारणीनंतर ट्रॅक्टर त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवावा. तापलेल्या पत्र्यावर पाणी न मारता यंत्र सावलीत निवू द्यावे. धुण्याचा सोडा वापरू नये. पक्ष्यांची विष्ठा व झाडांचा चीक लगेच पुसावा. वॉरंटीतील वाद संपल्यानंतर पडलेला ओरखडा पॉलिश कागदाने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासून, कोरडा करून, अस्तर व मग रंग द्यावा. पावसाळी दमट दिवशी, हवेतील सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांहून अधिक असताना, हे काम करू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती हंगामापूर्वीच्या सभेत द्यावी व शक्य तर ताबा घेण्याच्या दिवशी एखादा जाणकार शेतकरी खरेदीदाराबरोबर पाठवावा. दोन जोडी डोळे, एक लोहचुंबक, एक वही व भर दिवसाचा एक तास एवढीच या तपासणीची सामग्री आहे. मुहूर्त साधावा, परंतु सही तपासणीनंतरच करावी.