टीव्हीवरची कबड्डी कोणाची?

परवा मैदानावर कबड्डी चालू होती. चौथीतल्या एकानं विचारलं, "सर, टीव्हीवरची कबड्डी कोणाची?" मी पटकन म्हणालो, "स्टार स्पोर्ट्सची." पण उत्तर अर्धवटच होतं.

प्रो कबड्डी लीग 26 जुलै 2014 ला सुरू झाली. पुढच्याच वर्षी ती चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्समध्ये स्टारने 74 टक्के वाटा घेतला. म्हणजे सामने दाखवणाराच लीगचा मालक! आयपीएलचं तसं नाही. ती बीसीसीआयची, वाहिनी फक्त काही वर्षांचे हक्क विकत घेते. एकानं सोडली तर दुसरा घ्यायला तयारच असतो.

इकडे स्टारचेच मालक बदलत गेले. आधी मर्डोक यांची फॉक्स, 2019 पासून डिस्ने, आणि नोव्हेंबर 2024 पासून जिओस्टार. त्यात डिस्नेचा वाटा साधारण 37 टक्के, ताबा रिलायन्सचा. नव्या मालकाला कबड्डीत नफा दिसला नाही तर? फुटबॉलचं उदाहरण ताजं आहे. जुलै 2025 मध्ये आयएसएलचा हंगाम थांबवला गेला, कारण चालवणारी कंपनी आणि महासंघ यांचा करार पुढं वाढला नव्हता.

आपल्या बीडमध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या घरची पोरं कबड्डीच खेळतात. बॅट लागत नाही, बूट लागत नाहीत. टीव्हीमुळं त्यांना पहिल्यांदा कळलं, की कबड्डीवर पोट भरता येतं. त्या पोराला मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर मालकांची ही साखळी काढून दाखवली. त्यानं विचारलं, "मग खेळणाऱ्यांचा वाटा किती, सर?"