पासवर्डचोरांच्या मागावर: संगणक सुरक्षेतलं एक भक्कम करिअर

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम युक्रेनमधून जगभर पसरला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक ठप्प झाले आणि आपल्या न्हावा-शेव्याला जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं कामही खोळंबलं. एका संगणकाच्या मेमरीतून लॉगिनची माहिती चोरायची आणि तिच्याच बळावर पुढच्या संगणकात शिरायचं, हे नॉटपेट्याच्या वेगामागचं एक मोठं कारण होतं. अशी चोरी वेळीच ओळखणारी माणसं आज बँकांना, रुग्णालयांना, कारखान्यांना हवी आहेत.

काम नेमकं काय?
दर वेळी पासवर्ड विचारावा लागू नये म्हणून विंडोजमधली ‘एलसॅस’ ही प्रोसेस लॉगिन केलेल्याचे हॅश (पासवर्डची सांकेतिक रूपं) आणि तिकिटं (प्रवेशाचे डिजिटल परवाने) मेमरीत सांभाळते. फ्रेंच संशोधक बेंजामिन डेल्पी यांनी २०११ मध्ये ‘मिमिकॅट्झ’ हे साधन आणलं आणि ही माहिती बाहेर काढता येते हे जगाला दिसलं. हॅश हाती लागला, की मूळ पासवर्ड ठाऊक नसतानाही दुसऱ्या संगणकात शिरता येऊ शकतं.

हे रोखणारा सुरक्षा अ‍ॅनालिस्ट लॉग, म्हणजे संगणकातल्या हालचालींच्या नोंदी, वाचतो. ‘सिसमॉन’ हे अशा नोंदी ठेवणारं साधन नीट बसवलं असेल, तर एखाद्या प्रोसेसने एलसॅस उघडल्याची नोंद १० क्रमांकाच्या इव्हेंटमध्ये होते. पण अँटिव्हायरसही एलसॅस उघडतो. त्यामुळे रोजचं काय आणि वावगं काय, हे पारखणारी नजरच इथे कमावायची असते. बचावासाठी विंडोजमधलं ‘क्रेडेन्शियल गार्ड’ हे संरक्षण सुरू करणं, अ‍ॅडमिनचे अधिकार मोजक्यांनाच देणं आणि प्रत्येक संगणकाचा अ‍ॅडमिन पासवर्ड वेगळा ठेवणं हीही त्याचीच कामं.

तयारी कशी करावी?
बारावीनंतर कम्प्युटर इंजिनिअरिंग, बीएस्सी आयटी किंवा बीसीए करता येतं. पदवीनंतर सी-डॅक या सरकारी संस्थेचा सुरक्षाविषयक पदव्युत्तर डिप्लोमा आहे. त्यासाठी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा असते. नेटवर्किंग, विंडोज, लिनक्स आणि थोडं पायथन पक्कं करा. संगणकात आभासी संगणक चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स आणि सिसमॉन मोफत मिळतात, म्हणजे सराव घरच्याच संगणकावर होतो.

पालकांसाठी
“पोरगं हॅकिंग शिकून बिघडेल का?” ही काळजी रास्त आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार गुन्हा ठरू शकतो, हे पहिल्याच दिवशी मुलांना सांगा. सराव फक्त स्वतःच्या यंत्रावर, हा नियम घरात पाळा. सुरुवातीला रात्रपाळी करावी लागते, हेही आधीच माहीत असू द्या. २०२२ पासून ठरावीक सायबर घटना सहा तासांत ‘सर्ट-इन’ या सरकारी यंत्रणेला कळवणं बंधनकारक आहे, तेव्हा रात्रीही कुणीतरी जागं असावंच लागतं.

फी भरण्याआधी महिनाभर मुलाला किंवा मुलीला रोज तासभर लॉग वाचू द्या. कंटाळा आला, तर पैसे आणि वर्ष दोन्ही वाचले. एका विचित्र ओळीचं कारण सापडेपर्यंत ते उठतच नसेल, तर निर्धास्तपणे पाठबळ द्या.