दुधाची टँकर-भरणी : साधने व घ्यावयाची दक्षता

ओतूरहून माळशेज घाटाकडे जाऊ लागले म्हणजे पिंपळगाव जोगे धरणाच्या जलाशयाच्या परिसरात मढ हे गाव लागते. भाताची खाचरे, चार महिने धो धो पाऊस आणि घरटी एक-दोन दुभती जनावरे असलेल्या अशा डोंगराळ भागात दुधाचा पैसा हाच दर दहा दिवसांनी हाती येणारा आधार होय. पूर्वी दूध 40 लिटरच्या कॅनमधून जात असे. एखादा कॅन नासला, तर तेवढ्याच दुधाचे नुकसान होई. आता बल्क कूलरमध्ये साऱ्या गावाचे दूध एकत्र होते व टँकरमध्ये तर अनेक गावांचे. सबब, टँकर भरण्याच्या अर्ध्या तासात झालेली एक चूक शंभर घरांच्या चुलीपर्यंत पोचते. हे काम बहुधा संस्थेच्या सचिवाकडे व टँकरच्या चालकाकडे असते. तथापि दूध उत्पादक बांधवांनीही ते समजून घ्यावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

धारेचे दूध सुमारे 37 अंश सेल्सिअस तापमानाचे असते. या उबेत जिवाणूंची संख्या साधारणतः अर्ध्या तासात दुप्पट होते. म्हणून दूध त्वरित 4 अंशांपर्यंत थंड करावयाचे व टँकरमध्ये जाईपर्यंत ते तसेच राखावयाचे. टँकर येताच प्रथम कूलरचा तापमापक पाहावा. सायंकाळचे दूध ओतून थोडाच वेळ झाला असेल व काटा 8-10 अंशांवर असेल, तर टँकर थांबवावा. चालक घाई करतो. त्यालाही घाट उतरावयाचा असतो. परंतु कोमट दूध टँकरमधील थंड दुधात मिसळले, तर दोन्ही बिघडतात. टँकरला उष्णतारोधक आवरण असते. ते थंडावा टिकवते, थंडावा निर्माण करीत नाही.

भरण्यापूर्वी कूलरमधील ढवळणी पाच-दहा मिनिटे चालवावी, मगच नमुना घ्यावा. उभ्या दुधात स्निग्धांश वर येतो. न ढवळता वरून घेतलेला नमुना फॅट अधिक दाखवतो, खालच्या तोटीतून घेतलेला कमी. संस्था व डेअरी यांच्यातील निम्मे तंटे येथेच जन्मतात, असा माझा अनुभव आहे.

आता मुख्य साधनाकडे वळू. कूलरमधून टँकरमध्ये दूध चढविण्यासाठी केंद्रापसारी पंप वापरतात. त्याचा दुधास लागणारा भाग स्टेनलेस स्टीलचा असावा व तो हाताने उघडून धुता यावा. विहिरीवरील मोटरपंपाशी त्याचे नाते सख्ख्या भावाचे आहे, म्हणून शेतकऱ्याला त्याची प्रकृती शिकवावी लागत नाही. तो कोरडा चालवू नये. कोरडा फिरला की आसाभोवतालचे सील जळते व दूध गळू लागते. प्रवाह कमी करावयाचा असल्यास बाहेर जाणाऱ्या बाजूचा व्हॉल्व्ह आवळावा, ओढणाऱ्या बाजूचा कदापि नाही. ओढीची बाजू आवळली की पंप खडखडतो व कोठून तरी हवा ओढतो.

ही हवा मोठी लबाड असते. एका केंद्रावर कित्येक दिवस टँकरमागे 30-40 लिटर दूध कमी भरत होते. केंद्राच्या प्रवाहमापकावर आकडा बरोबर, डेअरीच्या वजनकाट्यावर तूट. प्रथम चालकावर व नंतर सचिवावर संशय आला; दोघांत बोलणे राहिले नाही. मी गेलो त्या दिवशी पंप बंद असताना कूलरकडील जोडावर दुधाचा एक थेंब लोंबत होता. पंप सुरू करताच तो थेंब आत ओढला गेला! जोडातील रबरी वायसर चिरला होता. पंप चालू असता तेथून दूध बाहेर येत नसे, हवा आत जाई. आणि मापक तिलाही दूध समजून मोजीत असे. वायसर बदलला व तूट थांबली. ज्या केंद्रावर अशी तूट येत असेल त्यांनी माणसांकडे बोट दाखविण्यापूर्वी हा थेंब शोधावा. टाकीतील पातळी शेवटी उतरते तेव्हाही तोटीवर भोवरा होऊन हवा जाते. त्या वेळी व्हॉल्व्ह आवळून प्रवाह मंद करावा.

हवेचा दुसरा उपद्रव चवीचा आहे. फेसाळून घुसळलेल्या दुधातील स्निग्ध कणांभोवतीचे सूक्ष्म आवरण फाटते, दुधातील विकर स्निग्धांशाचे विघटन करते व दुधाला खवट वास येतो. यास्तव टँकरच्या झाकणातून उंचावरून धार सोडू नये. खालच्या तोटीतून भरावे. ते शक्य नसेल तर नळीचे टोक तळाजवळ राहील असे ठेवावे.

मापाविषयी एक सूचना. दुधाची घनता सुमारे 1.03 आहे, म्हणजे 5,000 लिटर दुधाचे वजन सुमारे 5,150 किलो भरते. पावतीवर लिटर की किलो हे स्पष्ट लिहून घ्यावे. दीडशेचा हा फरक कोणाच्या खिशात जातो, हे सभासदांनी विचारलेच पाहिजे.

नळी अन्नपदार्थांसाठी बनविलेल्या रबराचीच हवी. ठिबकच्या कामातील उरलेली काळी नळी जोडलेली मी पाहिली आहे. ती तत्काळ काढावी. आतून चिरा पडलेली नळी कितीही धुतली तरी चिरेतील दुधाचा थर निघत नाही. काम होताच दोन्ही टोकांना टोपणे लावून ती खुंटीवर टांगावी, चिखलात लोळू देऊ नये.

धुण्याचा क्रम असा : प्रथम साधे किंवा कोमट पाणी. आरंभीच उकळते पाणी घातले, तर दुधातील प्रथिने पृष्ठभागावर चिकटून बसतात. मग 70 ते 75 अंशांचे, 1 ते 1.5 टक्का कॉस्टिक सोड्याचे द्रावण, पुन्हा पाणी, आणि साचलेले क्षार काढण्यासाठी अधूनमधून सौम्य नायट्रिक आम्ल. सोडा पाण्यात टाकावा, पाणी सोड्यावर ओतू नये. हातमोजे व चष्मा वापरावा. आम्ल आणि जंतुनाशक हायपोक्लोराइट यांची भेट कधीही होऊ देऊ नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

गरम धुलाईनंतर लगेच झाकण बंद करून थंड पाणी सोडले, तर आतील वाफ क्षणात निवते, पोकळी निर्माण होते आणि बाहेरील हवेचा दर चौरस मीटरला नऊ-दहा टनांचा दाब पत्र्याची टाकी कागदाच्या पुडीसारखी चेपतो. झाकण बंद ठेवून पंपाने दूध काढल्यासही हीच गत होते. म्हणून भरताना, रिकामी करताना व धुताना हवेची वाट मोकळी ठेवावी.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे टँकरमध्ये माणूस उतरणे. आत घासण्यासाठी मुलाला उतरविण्याची प्रथा काही ठिकाणी होती व आहे. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो, रसायनाची वाफ असू शकते. डोळ्यांना काहीच दिसत नाही. आत एकजण कोसळतो, त्याला काढावयास दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. अशा टाकीत शिरण्यावर 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 36 ने कडक अटी घातल्या होत्या, त्या उगीच नव्हेत. टँकर आतून धुण्यासाठी फवाऱ्याचा गोळा वापरावा. कोणी आत पडलाच, तर उडी न घेता बाहेरून हवा सोडावी व मदत बोलवावी.

दुधाला आग लागत नाही, ही आपली सोय. साखर कारखान्यांच्या मद्यार्क प्रकल्पांत टँकर भरताना आधी जमिनीशी विद्युत जोडणी करतात व नळीचे तोंड बुडेपर्यंत प्रवाह संथ ठेवतात, कारण द्रवाच्या घर्षणाने स्थिर विद्युत साठून ठिणगी पडू शकते. आपल्याकडे मात्र ओल्या फरशीवरील पंपाच्या मोटारीला अर्थिंग हवेच.

टँकर सपाट जागी उभा करावा, इंजिन बंद, हातब्रेक ओढलेला व चाकांना लाकडी ओंडके. वर चढणाऱ्याने पावसात कठड्याला धरल्याशिवाय पाऊल टाकू नये. सर्व कप्पे अर्धे-अर्धे भरण्यापेक्षा शक्य तितके कप्पे पूर्ण भरून उरलेले रिकामे ठेवावेत, मात्र भार दोन्ही आसांवर योग्य विभागला जाईल हे पाहावे. अर्ध्या कप्प्यातील दूध माळशेजच्या वळणावर एका अंगाला धावते व गाडी कलंडवू शकते. भरणी संपताच झाकणास व तोटीस मोहर लावावी, आणि मोहरेचा क्रमांक, तापमान, वजन व सुटण्याची वेळ पावतीवर नोंदवून चालकाची सही घ्यावी.