वादापासून परिषदेपर्यंत



आपले औंढा हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एकाचे गाव. संत नामदेवांना विसोबा खेचर हे गुरू येथेच भेटले अशी परंपरा आहे, आणि त्याच नामदेवांची पदे शिखांच्या ग्रंथसाहिबातही आहेत. अशा गावात राहणाऱ्या कॅथलिक माणसाला एक प्रश्न टाळता येत नाही. सर्वधर्मसभेचे किंवा शांतता समितीचे बोलावणे आले तर जावे काय? गेलो तर काय बोलावे? काहींना वाटते, तेथे बसल्याने आपली श्रद्धा पातळ होते. ही शंका नवी नाही. इंग्रजी अमदानीत खुद्द ख्रिस्तसभेलाही ती पडली होती. म्हणून या रविवारी तो इतिहास थोडा पाहू.

मुंबईत सुरुवात झाली ती परिषदेने नव्हे, वादाने. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. मोरभटांनी 'श्रीहिंदुधर्मस्थापना' हे पुस्तक लिहिले, विल्सन यांनी त्याचे खंडन छापले, त्यावर आणखी उत्तरे आली. दोन्ही बाजूंना फक्त जिंकायचे होते.

१८५७ सालच्या पूर्वार्धातील समुद्रकिनाऱ्यावरचे वाद मात्र मला जास्त महत्त्वाचे वाटतात. विष्णुबुवा ब्रह्मचारी, मूळचे विष्णू भिकाजी गोखले, सरकारी नोकरी सोडून वैराग्याकडे वळलेले. ते चौपाटीच्या वाळूत बसून वेदधर्माचा पक्ष मांडत आणि मिशनरी त्यांना प्रश्न विचारीत. ऐकायला गर्दी लोटे. समोरच्या बाजूला जॉर्ज बोवेन हे अमेरिकन मिशनरी होते. मिशनचा पगार सोडून मुंबईच्या गरीब वस्तीत राहणारा हा माणूस. त्यांनीच या चर्चा पुढे छापल्या. वाद कडवा होता, शब्दही टोचणारे होते. तरी दोन गोष्टी घडल्या: दोघांना आपापली श्रद्धा सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत मांडावी लागली, आणि समोरच्याचे म्हणणे पूर्ण ऐकल्याशिवाय उत्तर देता येईना. आपल्यापैकी कितीजण शेजाऱ्याला पवित्र त्रैक्य साध्या मराठीत समजावून सांगू शकतील?

मग आली १८९३ ची शिकागोची सर्वधर्मपरिषद, ११ ते २७ सप्टेंबर. तिच्याविषयी आपण स्वामी विवेकानंदांपुरतेच ऐकतो. पण मुंबईहून जैन धर्माच्या वतीने वीरचंद गांधी गेले होते. ब्राह्म-प्रार्थना समाजाच्या विचाराचे बी. बी. नागरकर गेले होते. त्यांनी हिंदुस्थानातील समाजसुधारणेवर भाषण केले. जीन सोराबजी ही पारशी कुळातून आलेली ख्रिस्ती तरुणीही तेथे बोलली, हिंदुस्थानातील स्त्रियांविषयी. म्हणजे आपल्या भागातील ख्रिस्ती आवाज त्या व्यासपीठावर होता, आणि तो एका स्त्रीचा होता! एका पाद्रीसाहेबांनी देवळांतील स्त्रियांवरून हिंदू धर्मावर कठोर टीका केली, तेव्हा उत्तराला उभे राहिले ते जैन वीरचंद.

कॅथलिकांचे काय? पहिल्याच दिवशी कार्डिनल गिबन्स यांनी सर्वांसमोर प्रभूची प्रार्थना म्हटली. उलट अँग्लिकन सभेचे कँटरबरीचे महागुरू यांनी सहभाग नाकारला होता. दोन वर्षांनी, १८ सप्टेंबर १८९५ रोजी, पोप लिओ तेरावे यांनी अमेरिकेतील आपल्या प्रतिनिधींना पत्र लिहिले: कॅथलिकांनी आपल्या सभा वेगळ्या घ्याव्यात, मात्र इतरांना ऐकायला दार उघडे असावे. सगळे धर्म सारखेच, असा समज पसरेल ही त्यांची चिंता होती. ती चिंता हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गंमत अशी, की याच पोपमहोदयांनी त्याच १८९३ साली फादर रुडॉल्फ आक्वाविवा यांना धन्यवादित घोषित केले. हे येशूसंघीय गोव्याहून निघून १५८० साली फत्तेपूर सिक्रीला पोहोचले होते आणि अकबराच्या दरबारात मौलवींसमोर चर्चेला बसले होते. १५८३ मध्ये गोव्यातील कुंकळ्ळी येथे त्यांना हुतात्म्याचे मरण आले. इतरांशी चर्चा केल्याने त्यांची श्रद्धा पातळ झाली असे कोण म्हणेल?

पुढे १९०३ साली महर्षी विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डमधील शिक्षण आटोपून ॲमस्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत बोलले. मायदेशी परतल्यावर तीनच वर्षांत, १९०६ मध्ये, त्यांनी अस्पृश्य मानलेल्या समाजासाठी मिशन उभारले. परिषदा नुसत्या भाषणांच्या असतात असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

ख्रिस्तसभेचा प्रश्न मात्र स्वातंत्र्यानंतरच सुटला. डिसेंबर १९६४ मध्ये युखरिस्त परिषदेसाठी मुंबईत आलेले पोप सहावे पॉल इतर धर्मांच्या प्रतिनिधींना भेटले आणि त्यांच्यासमोर उपनिषदातील प्रार्थनेचा उल्लेख केला. पुढच्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' जाहीर केले. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, आणि ख्रिस्त हाच मार्ग, सत्य व जीवन हे घोषित करणे ती थांबवीतही नाही, ही दोन्ही विधाने तेथे शेजारी शेजारी आहेत. एक वाचून दुसरे सोडणारे दोन्ही बाजूंना आढळतात.

या आठवड्यात घरी प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७, ओवी २२ पासून वाचावे. अथेन्समध्ये संत पौलाने बोलायला सुरुवात कशापासून केली, ते पाहून ठेवा. पुढच्या वस्तीसभेत त्यावर बोलू.